पाण्याचं पद

भाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पोदेराशी भांडत होते. शनिवारची दुपार कलली होती. पाव विकणारा पोदेर पाळी गावातल्या त्यांच्या घरासमोर सायकल टेकवून उभा होता आणि भाई त्याच्या भोंग्याचा रबरी फुगा पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

"परवापर्यंत हा पेटीच्या काळी चारमध्ये वाजत होता," भाई म्हणाले. "आज पांढरी पाचला उतरलाय. काय केलंस तू ह्याचं?"

"काल गटारात पडला. पाव किती देऊ?"

"चार दे. आणि भोंगा उन्हात वाळव."

मग ते माझ्याकडे वळले. सडसडीत अंग, गुडघ्यापर्यंतची खाकी पँट, आणि डोक्यावर खाणीतलं पिवळं हेल्मेट. घराच्या अंगणातही हेल्मेट. मी नाव सांगण्याआधीच त्यांनी विचारलं, "पेडण्याहून आलीस ती तूच? किती बस बदलल्यास?"

"तीन. म्हापसा, डिचोली आणि मग ही."

"म्हणजे गरज आहे तुला. ये आत."

गरज होतीच. आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी संगीत नाटक होतं, आणि दरवर्षी तेच ते जुनं होतं. त्या वर्षी आमचा दिग्दर्शक उल्हास म्हणाला, नवं करू. उल्हास माझ्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. मी त्याला एक कादंबरी वाचायला दिली होती. आमच्याच तालुक्यातल्या एका गेलेल्या शिक्षकाने लिहिलेली, कुणी फारशी न वाचलेली. एका विधवेची गोष्ट होती ती. नवरा गेल्यावर ती एकटीने कुळागर राखते, माड-पोफळींना पाणी देते, आणि दीर ते कुळागर विकायला निघतात. उल्हासने कादंबरी मिटली आणि म्हणाला, "ह्याचंच संगीत नाटक करायचं. संवाद मी बघतो, पदं तू लिही."

मी तोवर शाळेच्या स्नेहसंमेलनाची स्वागतगीतं तेवढी लिहिली होती. चाली कोण लावणार हाही प्रश्न होताच. आमचे जुने पेटीवाले मुलाकडे बंगळुरूला गेले होते. कुणीतरी सांगितलं, पाळीला एक गृहस्थ आहेत, खाणीवर वजनकाट्यावर होते, चाली लावतात, पण माणूस तऱ्हेवाईक आहे. "जमलं तर सोनं, नाही जमलं तर तासाभरात परत पाठवतील."

तर आत गेले. आत म्हणजे घरात नाही. भाई मला मागच्या गोठ्यात घेऊन गेले. गोठ्यात गुरं नव्हती. गव्हाणीच्या जागी एक पायपेटी होती, दोन स्टुलं आणि भिंतीला टेकवलेली गोणपाटं.

"घरात पेटी वाजवली की भिंती उगाच वाहवा करतात," भाई म्हणाले. "गोठा खरं ते सांगतो."

काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा आणि कांकणं, म्हणजे बांगडीच्या आकाराचे कडक पाव, घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "बाय, रागावू नकोस हं त्यांच्यावर," हळूच म्हणाल्या, "बोलतात तसे नाहीत ते." भाईंनी कांकण चहात बुडवलं आणि म्हणाले, "कादंबरी आणलीस? वाच."

"तुम्ही वाचली नाही?"

"मी वाचत नाही. मी ऐकतो. पहिल्या पानापासून वाच."

मला वाटलं, थट्टा करतायत. करत नव्हते. ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. मी वाचायला लागले. त्या दिवशी साठ पानं झाली. पुढच्या शनिवारी परत तीन बस, परत गोठा, परत त्यांची पाठ. मध्येच ते हात वर करायचे, मी थांबायची. "हे सांगताना ती बाई उभी होती की बसली होती?" असलं काहीतरी विचारायचे. मला ठाऊक नसलं की म्हणायचे, "मग लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे चल."

असे चार शनिवार गेले. घरी नवरा म्हणाला, "एवढं मोठ्यानं तू मुलीलाही कधी वाचून दाखवलं नाहीस." खरंच होतं ते.

भाईंच्या आणखी काही तऱ्हा सांगायला हव्यात. ते कधी छान म्हणत नसत. अगदी मनापासून आवडलं तर म्हणत, "चालेल." फोन करत तेव्हा हॅलो नाही, नाव नाही, थेट चाल गुणगुणायला सुरुवात. संपली की फोन बंद. एकदा मी चौथीला भागाकार शिकवत होते. फोन उचलला, चुकून स्पीकर लागला, आणि सगळा वर्ग अर्धं मिनिट भाईंची भैरवी ऐकत बसला. मी त्यांना सांगितलं, व्हॉट्सॲपवर आवाज पाठवा. त्यांना ते अपमानासारखं वाटलं. "त्यात तू ऐकताना श्वास कुठे घेतेस ते मला कसं कळणार?"

स्कूटर चालवतानाही तेच पिवळं हेल्मेट. डिचोलीच्या चौकात पोलीस अडवायचे. भाई त्यांना समजावून सांगायचे की ह्या हेल्मेटवर एकदा खनिजाचा दगड पडला होता आणि डोकं शाबूत राहिलं, तुमच्या त्या स्कूटरच्या हेल्मेटवर आधी तेवढा दगड टाकून दाखवा. दर वेळी दंड भरायचे आणि दर वेळी वाद तोच.

पस्तीस वर्षं ते काट्यावर बसले होते. भरलेला टिप्पर काट्यावर यायचा, नंतर रिकामा यायचा, दोन वजनांतला फरक म्हणजे माल. खाण बंद पडली, टिप्पर रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, पण भाईंची ही सवय सुटली नाही. मी माझं पहिलं पद नेलं तेव्हा त्यांनी मला ते शब्दांसकट म्हणायला लावलं. मग म्हणाले, "आता शब्द काढून नुसतं ल-ला-ला म्हण." म्हटलं.

"दोन्हींत काही फरक पडला?"

"नाही."

"मग माल किती भरला होता ते तूच सांग."

ते पद नायिकेच्या प्रवेशाचं होतं. उल्हासनेच सांगितलं होतं, प्रवेश भारी झाला पाहिजे. सोळा ओळी लिहिल्या होत्या मी. त्यात चंद्र होता, चांदणं होतं, मोगरा होता, विरह होता. तीन रात्री जागले होते. भाईंनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "तुझी बाई चंद्राकडे कधी बघते? पान सांग."

मी पुस्तक चाळलं. ती चंद्राकडे कुठेच बघत नव्हती.

"मोगरा लावलाय कुळागरात?"

नव्हता.

"तीनशे पानांत ती बोलते किती?"

हे मात्र मी मोजलं होतं. "अकरा वाक्यं."

"आणि तिच्या तोंडी तू सोळा ओळी घातल्यास. एवढ्यानं ती दमून खाली बसेल गो."

मला राग आला. राग येतो तेव्हा माझे कान तापतात, ते तापले. मी म्हटलं, "भाई, जी बाई बोलतच नाही तिला संगीत नाटकात गायला कसं लावायचं? तुम्हीच सांगा ना! नुसतं हे नको, ते नको म्हणायला काय लागतं?" कागद, पुस्तक, पिशवी गोळा केली आणि निघाले. काकी दारात आडव्या आल्या तरी थांबले नाही.

बस थांब्यावर येऊन बसले. डिचोलीची बस नुकतीच गेली होती. दहा मिनिटांनी पिवळं हेल्मेट आलं. भाईंनी स्कूटर उभी केली आणि माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. माफी मागतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "पुस्तक दे. नाही, तूच वाच. दुसऱ्या शनिवारी वाचलंस तो भाग. सासू वारल्यानंतरचा."

"आता?"

"बस यायला वेळ आहे."

रागातच मी पान उघडलं. सासूचे दिवस होतात, दीर येतात, जातात. नायिका कुणाशी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाट सोडायला जाते. मी घाईघाईत वाचत होते. भाईंनी हात वर केला.

"ते परत वाच."

"'पाण्याला मात्र ती रागवायची.'"

"परत."

"'पाण्याला मात्र ती रागवायची.'"

हे वाक्य मी पाच वेळा वाचलं असेल. एकदाही तिथे थांबले नव्हते. भाईंनी एकदाच ऐकलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून, आणि तेव्हापासून ते त्यांच्या कानात राहिलं होतं.

"माणसांशी नाही बोलत ती," भाई म्हणाले. "पाण्याशी बोलते. काय बोलते?"

"मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक असायला पाहिजे. मला फक्त ती कशी चालते ते ठाऊक आहे." आणि ते गुणगुणायला लागले. चार स्वर होते, जेमतेम. चार पावलं पुढे, मग थांबा, जणू कुणी वाकून बांध फोडतंय, आणि मग परत चार. प्रत्येक ओळीनंतर मोकळी जागा. मी ऐकत राहिले. माझ्या आजोळच्या वाटेवर कुळागर होतं, तिथे पाट सोडणारा माणूस पाण्याच्या पुढे पुढे चालायचा, ते मला आठवलं. मी सोळा ओळींचा तो कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं:

हळू ये रे पाण्या, हळू ये,
पोफळीच्या पायाशी थांबून ये.

"पुढे," भाई म्हणाले.

उंच नको उडू, माती नको तोडू,
धाकट्या रोपाला आधी दे.

बस आली. कंडक्टरने हाक मारली. भाईंनी त्याला हातानेच जा म्हटलं, जणू बस त्यांचीच होती. मी पुढची बसही सोडली. त्या बाकावर पद पूर्ण झालं. मध्ये मी एक ओळ लिहिली होती, 'घरात माझं कुणी ऐकत नाही' अशी. भाई म्हणाले, "हे ती पाण्याला कशाला सांगेल? पाणी तिला रोज बघतं." मी ती खोडली, आणि खोडताना पहिल्यांदाच काही गमावल्यासारखं वाटलं नाही. शेवटच्या दोन ओळी अशा झाल्या:

उद्या मी नसले तर वाट नको विसरू,
याच पाटानं, याच वेळी ये.

भाईंनी त्या दोन ओळी आपल्या चार स्वरांत म्हटल्या. मग म्हणाले, "चालेल."

त्यानंतर पदं झपाझप आली. कधी चाल आधी, कधी शब्द आधी. दीरांचं तक्रारीचं पद मी शाळेच्या हजेरीपटाखाली कागद लपवून लिहिलं, आणि त्याची चाल भाईंनी स्कूटर पंक्चर झाली असताना साखळी गावाच्या रस्त्यावर लावली. भांडणं चालूच होती. फक्त आता मी बस थांब्यावर जात नव्हते, गोठ्यातच भांडत होते.

खरी परीक्षा उत्सवाच्या आठ दिवस आधी आली. तालीम बघायला देवळाच्या समितीचे अध्यक्ष आले. वयस्कर, गाण्यातलं कळणारे, आमच्या नाटकांना वर्षानुवर्षं आधार देणारे गृहस्थ. शुभदा नायिका करत होती. ती आमच्या गावची अंगणवाडी सेविका. गाणं कुठे शिकली नव्हती, पण गळा निर्मळ. तिने पाण्याचं पद म्हटलं. अध्यक्षांनी नापसंतीनं डोकं हलवलं.

"संगीत नाटक म्हणतो आपण. यात तान कुठे? टाळी कुठे पडणार? इथे जुनं एखादं भरदार पद घाला. लोकांना ऐकायची सवय आहे."

उल्हास माझ्याकडे बघायला लागला. तो अध्यक्षांना नाही म्हणू शकत नव्हता. मी भाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता पेटी बंद करून पाळीला निघून जातील. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

तोंड मीच उघडलं. "पद राहील," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हे काढलं तर नाटकात ती बाईच राहत नाही."

अध्यक्ष काही बोलायच्या आत भाई उठले. "सभामंडपात बायका समया घासतायत ना? शुभदाला तिथे जाऊन म्हणू दे. पेटी नको, तबला नको. बायका बोलत राहिल्या तर पद काढा, मी हूं की चूं करणार नाही."

उत्सवाआधी भांडी घासायला जमलेल्या बायका! पंधरा-वीस तरी असतील, आणि बोलणं असं की घंटा वाजली तरी ऐकू येऊ नये. मी भाईंना बाजूला ओढलं. "हे काय केलंत? विचारलंत तरी का मला?"

"तू मला विचारलंस, पद राहील म्हणताना?"

शुभदा मंडपाच्या खांबाशी उभी राहिली. चिंचेचा कोळ, राख, पितळेचा खडखडाट, कुणाच्या तरी लग्नाची चर्चा. तिने सुरू केलं. पहिली ओळ कुणी ऐकलीच नाही. दुसऱ्या ओळीला एकीनं मान वर केली. तिसऱ्या ओळीनंतर ती मोकळी जागा आली, आणि त्या जागेत मला पहिल्यांदा ऐकू आलं की खडखडाट कमी झालाय. एकेक हात थांबत गेला. शेवटच्या दोन ओळी झाल्या तेव्हा मंडपात फक्त पंख्याचा आवाज होता.

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने हातातली समई खाली ठेवली. "गो चेडवा, पद बरें आसा," ती म्हणाली. "पण धाकट्या रोपाक आदीं पाणी दिवचें न्हय. पयल्या जोरान ते व्हांवून वता. ताका निमाणें, सवकाश."

चूक माझी होती; धाकट्या रोपाला पाणी शेवटी, जोर ओसरल्यावर द्यायचं असतं. चाळीस वर्षं कुळागर शिंपणाऱ्या बाईने ती पकडली होती. मी तिथेच, खांबाला कागद टेकवून ओळ बदलली:

थोरांना आधी भेट, जोर तिथे सोड,
धाकट्या रोपाला हळू दे.

भाईंनी ती ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. "ही ओळ भरली," म्हणाले. "आता माल आला." आणि ते त्या म्हाताऱ्या बाईसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. त्यांना तसं मी दुसऱ्या कुणासमोर पाहिलं नाही.

अध्यक्षांची पत्नी तिथेच घासत बसली होती. तिने नवऱ्याकडे वळून एवढंच म्हटलं, "हें पद काडशात तर आमी नाटकाक येवचीं नांव." अध्यक्ष हसले. पद राहिलं.

उत्सवातला प्रयोग चांगला झाला, आणि त्या जोरावर उल्हासने नाटक फोंड्याच्या स्पर्धेत घातलं. निकाल आधीच सांगून टाकते. पदांचं बक्षीस आम्हाला मिळालं, चालींचंही मिळालं, शुभदालाही मिळालं. नाटकाला मात्र दुसरा क्रमांक, कारण आम्ही दिलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त घेतली. ती चार मिनिटं कुठे गेली ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यातलं एक मिनिटही मला परत नको आहे.

फोंड्याचा प्रेक्षक गाण्यात मुरलेला. संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी विंगेत उभी होते, पडद्याच्या दोरीला धरून. समोर रंगमंचाच्या कडेला भाई पेटीवर होते. हेल्मेट त्यांनी काकींकडे ठेवायला दिलं होतं, त्यामुळे ते कुणी वेगळेच वाटत होते. शुभदा आली, फावडं खांद्यावर टाकून. पद सुरू झालं. प्रत्येक ओळीनंतर ती वाकायची, फावड्याने बांध फोडायची, आणि त्या शांततेत लोक श्वास धरायचे. 'याच पाटानं, याच वेळी ये' म्हणून ती आत वळली.

मग मागच्या रांगांतून टाळी उठली, पुढे आली, आणि सभागृहभर पसरली. "वन्समोअर!" कुणीतरी ओरडलं. मग दहा जण, मग पन्नास.

समोरच्या विंगेतून उल्हास दोन्ही हातांनी नाही नाही करत होता. घड्याळाकडे बोट दाखवत होता. वेळ ओलांडली तर गुण कापतात, हे त्याने आम्हाला शंभर वेळा बजावलं होतं. शुभदा अर्ध्या वाटेत थांबली होती, तिने भाईंकडे पाहिलं.

भाईंनी उल्हासकडे पाहिलंच नाही. ते मान वळवून माझ्याकडे बघत होते. कुणाला काही न विचारणारा माणूस तो. पस्तीस वर्षं काट्यावर बसला, कुणी साहेब आला तरी वजन बदललं नाही. भुवया वर करून त्यांनी मला विचारलं. टाळ्यांमुळे आवाज आला नाही, पण ओठ मला स्वच्छ दिसले. "द्यायचं?"

मी मान डोलावली.

शुभदाने फावडं पुन्हा खांद्यावर घेतलं. भाईंनी पायपेटीचा भाता भरला, सभागृह शांत झालं, आणि पाणी दुसऱ्यांदा आलं.